गोऱ्या आबांची छत्री आणि माझा माईक

निरवांगीत आजही कुणी विचारलं, की गोऱ्या आबांना सरकारनं इथं राहू का दिलं नाही, तर लोक माझ्या मेहुण्याकडं बोट दाखवतात. त्यानं पुण्यात कळ लावली म्हणतात. हे खोटं आहे. कळ मी लावली, तीही माईकवरून, आणि वर टाळ्या घेतल्या.

गोरे आबा मूळचे हॉलंडचे. मोरगावच्या गणपतीला म्हणून निघाले, भलत्याच एसटीत बसले आणि आमच्या फाट्यावर उतरले. तिथं चिंचेखाली डोळे मिटून बसले. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. त्यांनी डोळे उघडून मला हात जोडले. ही आमची ओळख.

मग ते दर वर्षी येऊ लागले. आमच्या वस्तीवरच्या रिकाम्या खोलीत राहायचे आणि सकाळी चिंचेखाली जो येईल त्याला शेजारी बसवायचे. त्यांची सगळी शिकवण एवढीच, की बसा आणि बोलू नका. गावाला ती पटली, कारण नंतर आमच्या घरचा चहा असायचा. मराठी ते माझ्या बायकोकडून शिकले. "काय पाव्हणं, ऊस गेला का?" असं त्यांनी विचारलं, की नवखा माणूस मोटरसायकलवरून पडायच्या बेतात यायचा.

वय झालं तसं एकदा म्हणाले, "तात्या, तिकडं माझं कोण हाय? आता हितंच ऱ्हायचं, हितंच मरायचं." त्यांनी कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. पुण्याहून एक साहेब चौकशीला येणार, असं कळलं. साहेब चार माणसांना विचारणार होते, हा माणूस कसा वागतो. एवढंच काम. पण आमच्या गावात साहेब येणार आणि मांडव नाही, हे कसं जमायचं? मी बारामतीहून शाली आणल्या, फेटे आणले, नारळ आणले, भोंगा बांधला. सूत्रसंचालक अर्थातच मी. आमच्याकडं लग्न असो की श्रद्धांजली, माईक माझ्याचकडं असतो.

आबा म्हणाले, "तात्या, साहेबाला चा पाजू. बास की."

"तुमी डोळं मिटून बसा, आबा. बाकीचं मी बघतो."

ते बसले. त्यांची एवढीच चूक.

साहेब जीपमधून उतरले तोच त्यांच्या डोक्यावर फेटा बसला. मग सत्कार सुरू झाले. "मला फक्त दोनच प्रश्न विचारायचेत," असं साहेब म्हणत होते, पण दर वेळी कुणीतरी हातात नारळ द्यायचं. शाली संपल्या तेव्हा ध्यानात आलं, की माझा मेहुणा राहिला. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत तो आमच्याविरुद्ध पॅनेल उभं करून पडला होता. मी त्याला मुद्दाम विसरलो की खरंच विसरलो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो ताडकन उठून आपल्या वस्तीवर निघून गेला.

त्या जोशात मी माईक तोंडाजवळ घेतला. "साहेब, आबा काय पाहुणे नव्हेत! आमच्या सुखदुःखात आहेत, आमच्या राजकारणात आहेत! सोसायटीला त्यांनी भर उन्हात छत्री घेऊन दारोदार आपला प्रचार केला, आणि आपली छत्री निवडून आली!"

मांडवात टाळ्याच टाळ्या.

खरं काय झालं होतं ते आता सांगतो. छत्री हे आमच्या पॅनेलचं चिन्ह होतं. आबांकडं छत्री होती ती उन्हासाठी. "चला आबा, गावातल्या माणसांना भेटू," असं म्हणून मी त्यांना भर दुपारी गल्लीगल्लीतून हिंडवलं. गोरा माणूस छत्री घेऊन दारात उभा राहिला आणि हात जोडले, तर मत कोण देणार नाही? आबांना निवडणूक आहे हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, गावाचा काही सण आहे.

साहेबांनी नेमकं तेवढंच लिहून घेतलं. जीपजवळ मला हळूच म्हणाले, "परदेशी माणसानं इथल्या निवडणुकीत पडायचं नसतं, माहीत आहे ना?"

"साहेब, छत्री उन्हासाठी होती हो."

"मग माईकवर तसं का बोललात?"

आबांची शिकवण मला तेव्हा पहिल्यांदा साधली. मी एक शब्द बोललो नाही.

परवानगी मिळाली नाही. आबा पिशवी भरून गेले. छत्री खोलीतच खिळ्याला लावून गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. गावानं कारण आपलं आपणच शोधलं, की मेहुण्याला शाल मिळाली नाही, म्हणून त्यानं डाव साधला. मी व्हय म्हणालो नाही आणि न्हायही म्हणालो नाही.

आता दर रविवारी आम्ही चिंचेखाली मोबाईल डब्याला टेकवून आबांसमोर बसतो. चित्र हलेनासं झालं, की नेट गेलं की ध्यान लागलं, हे कळत नाही. एकदा आम्ही कितीतरी वेळ बसलो आणि आबा तिकडं कधीच जेवायला गेले होते.

यंदा त्यांनी पुन्हा अर्ज केलाय. म्हणजे पुन्हा चौकशी. मग मला राहवेना. मी मेहुण्याच्या गोठ्यात गेलो आणि सगळं कबूल केलं. हे लिहून छापायला देणार, हेही सांगितलं. त्यानं धार काढायचीही थांबवली नाही.

"ठावं हाय मला, दाजी."

"कसं काय?"

"भोंग्याचं तोंड माझ्याच वस्तीकडं केलंतं न्हवं तुमी? आन् जाताना साहेबाची जीप हितं थांबली. म्हणला, आबानं प्रचार केला का? म्या म्हणलं, न्हाय वो साहेब, आमचं दाजी माईक घावला की कायबी बोलत्यात."

मी पेंडीच्या पोत्यावर बसलो. सगळ्या गावात आबांच्या बाजूनं बोललेला तो एकटाच निघाला.

"मग एवढी वर्षं गप का बसलास?"

"बोलून काय करू? गावाला वाटलं, माझा हात पार पुण्यापतुर पोचतोय. फुडच्या सोसायटीला माझं पॅनेल आलं ते कशावर? तुमी हे कुठं छापू नगा बरं का, वट जाईल माझी."

"छापणार. साहेबांनीबी वाचाय पायजे, की छत्री उन्हासाठी हुती."

त्यानं चरवी खाली ठेवली. "मग ह्या बारीला आबाचं काम माझ्याकडं. मांडव न्हाय, भोंगा न्हाय. आन् तुमी गावात न्हाय."

मला मान्य करावं लागलं. साहेब येतील त्या दिवशी मी बारामतीला दातांच्या डॉक्टरकडं कवळीचं माप द्यायला जाणार आहे. माप घेताना तोंडात लगदा भरतात, बोलता येत नाही. आबांना फोनवर हे सांगितलं, तर चित्र हलेना. मला वाटलं, पुन्हा नेट गेलं. मग आबा एकदम हसले.

"लई झ्याक, तात्या," म्हणाले. "वरचंबी द्या आन् खालचंबी द्या."