गुरुवारचा रिकामा रकाना

देवाने आठवड्याचे वार आपल्याला न विचारता पाडले, याची खंत तुमच्या आजोबांच्या मावसभावाला जन्मभर होती. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. लातूरचा नवा जिल्हा झाला, त्याच सुमाराला पाऊस रुसला, आणि रेशनचं धान्य महिन्यातून कोणत्या गावाला कोणत्या वारी द्यायचं, हा तक्ता अहमदपूरच्या तहसिलीत भाऊजींच्या वाट्याला आला. तेव्हापासून हा माणूस बसलेला मी एकदाच पाहिला. चहा उभ्याने, जेवण घड्याळाकडे बघत. लातूरहून धान्याचा ट्रक निघाला का, हे विचारायला ते दिवसातून चारदा एसटी स्टँडवर जात. त्यांना पाहिलं की कंडक्टर न विचारताच मान हलवत. तक्ता घरातही शिरला. आमच्याकडे यायचा त्यांचा वार रविवार; शनिवारी दारावरून गेले तर ओळखही दाखवत नसत. मला दिवस गेले होते तेव्हा गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, एक तारखेच्या पुढं न्या, म्हंजे तोंड गोड करायला नव्या महिन्याची साखर मिळंल." तुमचे बाबा अठ्ठावीसलाच आले. भाऊजी दोन रविवार फिरकले नाहीत.

तेच भाऊजी एका शुक्रवारी भर दुपारी आमच्या ओसरीवर आले, तेव्हा मी घाबरलेच. मागे एक बाई, हातात कार्ड आणि रिकामं पोतं. तिच्या वाडीचा वार शेवटचा गुरुवार, म्हणजे कालचा. आज आली म्हणून दुकानदाराने तिला परत पाठवलं होतं. वार चुकला तर दाणाही द्यायचा नाही, हा हुकूम भाऊजींचाच. त्यात महिन्याचा तो अखेरचा दिवस. दुकान बंद झालं की तिचं धान्य बुडणार, आणि पुढचा ट्रक येईपर्यंत तिची चूल पेटणार नव्हती. भाऊजी येरझारा घालत म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. वार म्हंजे काय, ते हिला समजावून सांगा."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती भाऊजींकडेच वळली. "साहेब, काल वाडीवर टँकर आला व्हता. घरात मी एकलीच हाय. पाणी धरू का जवारी आणू, तेवढं तुमीच सांगा."

त्या बाजूच्या वाड्यांना दर गुरुवारचा टँकर त्याच महिन्यात सुरू झाला होता. टँकरचे वार ठरवणारे कारकून तहसिलीत भाऊजींच्या समोरच्याच टेबलाला बसत. दोघांनी एकमेकांच्या डब्यातली चटणी रोज चाखली होती, तक्ता मात्र कधी पाहिला नव्हता.

भाऊजी पायरीवर मटकन बसले. मग तिच्या हातातलं पोतं घेऊन तरातरा दुकानाकडे निघाले. मागे ती, तिच्या मागे मी. दुकानदार म्हणाला, साहेब, आज शुक्रवार.

"तक्ता मी करतो का तू? आज गुरुवार हाय. माप घाल."

त्या रविवारी टँकरवाल्या कारकुनांनाही ते सोबत घेऊन आले. माझं अक्षर बरं म्हणून नवा तक्ता मी लिहिला. गुरुवारच्या रकान्याशी माझा हात धरल्यासारखे घाईने म्हणाले, "तिथं काई लिहू नका. तो पाण्याचा."

भाऊजी आता नाहीत. तक्ता माझ्या कपाटात आहे, तो रकाना तसाच कोरा. आणि रविवारी चार वाजता मी अजून चहाचं आधण एक कप जास्तच ठेवते. उभ्याने का होईना, घेतला असता.