दोनशे पाचचे टायर

नबीसाबला गप्प बस म्हणणं सोपं, बसवणं अवघड. अख्ख्या बार्शी रस्त्याला ठाऊक होतं, हा माणूस टायर नंतर बघतो, गिऱ्हाइकाला आधी झापतो. हवा कमी का ठेवलीस, वळणावर ब्रेक का मारतोस, बैलाला तरी असं पळवतोस का, असं त्याचं चाललेलं असायचं. हातात टामी, म्हणजे टायर उचकटायची ती लोखंडी पट्टी, आणि तोंडाचा पट्टा, दोन्ही एकदमच चालायचं. कामात मात्र खोट नाही. त्यानं बसवलेल्या टायरवरनं कुणी परत येऊन भांडल्याचं आठवत नाही. भांडायला परत यायची कुणाची छाती नव्हती, असंही काही जण म्हणतात. म्हणू देत बापडे.

मूळचा कुंभारीचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. मिसरूड फुटायच्या आत नबीसाब शहरात आला आणि एका उस्तादाच्या हाताखाली ट्रकचे टायर खोलायला शिकला. तेव्हा मशीन कुठलं आलंय? घण, टामी आणि अंगातली रग. पुढं उस्ताद म्हातारा झाला, दुकान नबीसाबकडं आलं, खातूनबीशी निकाह झाला, यथावकाश मुली उजवल्या. सोहेब तेवढा शेंडेफळ.

या सगळ्या काळात नबीसाबचा एक नियम कधी हलला नाही. गाडीला कंपनीनं जो टायर दिलाय तोच घालायचा. मधे ते रुंद टायरांचं खूळ निघालं, तेव्हा कितीतरी पोरं त्याच्याकडं यायची. नाकापेक्षा मोती जड करू नका रे, म्हणून तो सगळ्यांना वाटेला लावायचा. अक्कलकोटच्या एका जीपवाल्याला तर त्यानं भर दुकानात विचारलं होतं, गाडी चालवायची हाय का वरातीत नाचवायची? जीपवाला गेला तो गेलाच. नबीसाबला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते खातूनबीला, कारण घर तिला चालवायचं होतं.

सोहेब पुण्याला एका मोठ्या दुकानात हे नवं काम शिकला. बाजारातल्या अलॉय रिंगा, त्यांना कोणता टायर, चाकांचा तोल कसा साधायचा, सगळं. काही वर्षांनी तो परत आला आणि म्हणाला, अब्बा, आपल्याच जागेत करू. जुन्या खोलीची भिंत पाडली, मशीन आलं, चकचकीत रिंगा भिंतीवर टांगल्या गेल्या. नबीसाबला एक खुर्ची मिळाली. खुर्ची चांगली होती, मऊ होती, पण खुर्चीच ती.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी खातूनबीनं नवऱ्याला समोर बसवलं आणि कबूल करून घेतलं, की उद्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. पोराचं दुकान, पोराचं गिऱ्हाईक. तुम्ही चार शब्द बोललात की गिऱ्हाईक उठणार, आणि आज ना उद्या पोरगंही उठून पुण्याला जाणार. मग बसा टायरांशी बोलत. नबीसाबनं मान डोलावली. बायकोशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात वेगळंच होतं. दुकान चालेल का नाही, ही काळजी त्याला नव्हतीच. पुण्याचं पाणी प्यालेलं पोरगं गिऱ्हाईक मागेल ते देणार का बरोबर असेल ते देणार, एवढंच त्याला बघायचं होतं. हातानं काम वाईट झालं तर परत करता येतं. नियतच सैल असली तर काय करायचं? असं पोरगं गल्ल्यावर बसवून आपण डोळे मिटायचे, या विचारानं त्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते वैरागचं. अभिमन्यू नाव. शेती आणि आडत दोन्ही बघणारा तरणाबांड गडी, पांढरी छोटी गाडी. बहिणीचा साखरपुडा आठवड्यावर आलेला. आईला, चुलतीला, मामाला आणि बहिणीला कापडासाठी नवी पेठेत सोडून हा गाडी घेऊन इकडं आला होता. डिकीत चार अलॉय रिंगा. पुण्यात असलेल्या मावसभावानं दिलेल्या, पंधरा इंचीच, पण रुंदीला सात इंच, म्हणजे गाडीच्या मूळ रिंगांपेक्षा चांगल्याच रुंद. यांच्यावर सगळ्यात रुंद टायर चढवा, पाहुण्यांनी वळून बघितलं पाहिजे, म्हणाला. भिंतीला लावलेले दोनशे पंचवीसचे टायर त्यानं आपणच पसंत केले. दोनशे पंचवीस म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. त्याच्या गाडीचा मूळ टायर होता एकशे पंच्याऐंशीचा.

नबीसाबच्या जिभेवर वाक्य तयार होतं. त्यानं ते गिळलं आणि वर चहा प्याला.

त्यात अडचण अशी की ही बोहनी. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हे नबीसाबनंच पोराला लहानपणापासून शिकवलेलं. चुकीचा टायर द्यायचा नाही, हेही त्यानंच. आता पोरगं यातलं कोणतं पाळतंय, म्हणून तो खुर्चीच्या कडेवर आला.

सोहेब म्हणाला, "दादा, बोहनी हाय. तुमाला न्हाय म्हननार न्हाय. मागची जोडी चढवून बघू. पन घरची मंडळी येऊ द्या, मग बाकीचं."

आणि त्यानं खरंच ते जाड टायर रिंगांवर चढवले की हो! मशीन गरगरलं, हवा भरली, जॅक लावून मागची चाकं बदलली. अभिमन्यू गाडीभोवती फिरून फोटो काढत सुटला. दिसत होती झोकात, ते कबूल केलं पाहिजे. नबीसाबनं मात्र मान फिरवली. गेलं पोरगं, त्याला वाटलं. गोड बोलायचं आणि मागेल ते गळ्यात मारायचं, हेच शिकून आलं. त्याला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला नुसतं वाईट वाटलं, आणि खुर्चीत तो एकाएकी म्हातारा दिसायला लागला.

मग रिक्षातनं मंडळी आली. सगळ्यांत पुढं अभिमन्यूची आई गोजरबाई, दोन्ही काखांत कापडाचे गठ्ठे. बाई ऐसपैस, बोलणं त्याहून ऐसपैस. लेकाची गाडी बघून तिनं आधी गाडीला काय सूज आली का, म्हणून विचारलं. सोहेबनं सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. आई, बहीण आणि चुलती मागं, मामा पुढं, गठ्ठे डिकीत. साखरपुड्याला अशीच भरून जाणार की नाही गाडी? मग अशीच चालवून बघा, त्या स्पीडब्रेकरवरनं जाऊन या, म्हणाला.

गाडी निघाली. मागनं चांगलीच दबली होती. स्पीडब्रेकरवर मागची चाकं चढली, उतरली, आणि खर्रर्र असा आवाज रस्त्यावर सगळ्यांनी ऐकला. वळून परत येताना पुन्हा तोच. गोजरबाई उतरली ती बोलतच.

"आरं, जुनं लुगडं फाडल्यावानी काय वाजतंय माझ्या बुडाखाली?"

सोहेबनं अभिमन्यूला वाकून दाखवलं. चाकावरच्या पत्र्याची आतली कड टायरला घासली होती, रबरावर ताजा ओरखडा उठला होता. गाडी रिकामी असताना हे दिसत नाही, म्हणाला, आणि रिकाम्या गाडीनं आपल्याकडं कोण फिरतं? वैरागपर्यंत असं घासत गेला तर हा टायर साखरपुड्याच्या आधीच दम सोडील. एवढंच बोलला. शहाणपण नाही, टोमणा नाही.

नबीसाब खुर्चीत सावरून बसला. आता त्याच्या लक्षात आलं, पोरानं नाही म्हणायचं काम गोजरबाईकडनं करून घेतलं होतं. आपल्याला हे कधी सुचलं नव्हतं. आपण असतो तर गिऱ्हाईक एव्हाना शिव्या देत पुढच्या दुकानात असतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

अभिमन्यूचं तोंड मात्र उतरलं. जाऊ दे, म्हणाला, माझे जुनेच टायर या रिंगांवर चढवा. रिंगा तरी चमकतील.

इथं नबीसाबच्या तोंडातली मिठाची गुळणी सुटली. कंपनीचा टायर! त्याच्या मनातलंच बोलला होता की गडी.

"व्हय, त्येच बराबर हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "मूळ टायरला तोड न्हाय."

आणि लगेच जीभ चावली. पण सोहेब बापावर चिडला नाही. हसलाही नाही. त्यानं जुना टायर घेतला, एका रिंगेवर चढवला, हवा भरली आणि ते चाक आणून बापाच्या खुर्चीसमोर आडवं ठेवलं. हात फिरवून बघा अब्बा, म्हणाला.

नबीसाबनं तळहात फिरवला. इतकी वर्षं चाकाच्या कडेवरनं हात फिरवला की आधी रबर लागायचं. आज आधी रिंगेची कड लागली, थंड आणि धारदार. टायर बिचारा दोन्ही बाजूंनी ताणून धरलेला, आखूड चादर मोठ्या खाटेवर ओढावी तसा. वैरागच्या वाटेवरचे खड्डे नबीसाबला काही कुणी सांगायला नको होते. पहिल्याच खड्ड्यात दणका रबराला नाही, रिंगेला बसणार. टायर रिंगेवरनं सुटलाच तर गाडीत बसलेल्यांचं काय?

नबीसाबनं हात मागं घेतला. चूक काय झाली ते त्याला कळलं होतं. त्याच्या सगळ्या उमेदीत रिंग कधी बदललीच नव्हती. टायर झिजायचा, टायर बदलायचा, रिंग तीच. म्हणून रिंगेला काय झेपतं हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. पोरांना झापताना तो बरोबरच होता. पण आज पोराच्या जागी तो असता, तर ही पाच माणसं त्यानं या चाकांवर हसत हसत वाटेला लावली असती, वर शाबासकीही दिली असती. लाज वाटली त्याला. वाटायलाच पाहिजे होती. आणि गंमत बघा, लाजेच्या खालनं आनंद असा उकळ्या फोडत होता की तोंडावर दाबून ठेवणं अवघड झालं.

"टायर आदी रिंगंला बसला पायजे, मग गाडीला," सोहेब अभिमन्यूला समजावत होता. "दोनीकडनं मोजायचं. तुमाला दोनशे पाचचा. रिंगंच्या भायेर पोट यील, कड झाकल, आन आत घासनार न्हाय."

पण या मापाचे टायर दुकानात नव्हते! नव्या दुकानाचं असंच असतं, सगळं असतं आणि नेमकं पाहिजे ते नसतं. घाऊक व्यापाऱ्याकडनं आणायला हवे होते, आणि गिऱ्हाईक सोडून सोहेबला हलता येईना. अभिमन्यूची चुळबुळ सुरू झाली. रस्त्याला दुकानांना काय तोटा होता? त्यातल्या कुणीही हेच जाड टायर घालून, पत्रा हातोड्यानं आत ठोकून, दात काढत निरोप दिला असता.

नबीसाब उठला. कुणाला काही न सांगता त्यानं टोपी घातली आणि हात करून रिक्षा थांबवली.

घाऊक व्यापारी महेश्वर शेठ नबीसाबचा जुना दोस्त. त्यानं माप ऐकून भुवया उंचावल्या. या गाडीला दोनशे पाच? तूच तर कंपनीच्या मापाशिवाय हात लावत नाहीस. नीट विचार कर, आणि मग परत आणू नकोस. नबीसाब म्हणाला, सोहेबनं सांगितलंय. महेश्वर शेठ वाट बघत राहिला, पुढं काहीतरी व्याख्यान येईल म्हणून. काही आलं नाही. त्यानं गुमान टायर काढून दिले, आणि नबीसाब दोन मांडीवर, दोन शेजारी असा रिक्षात कोंबून परत आला.

टायर चढले. पुन्हा सगळी मंडळी बसली, गठ्ठ्यांसकट. गाडी स्पीडब्रेकरकडं गेली तसा नबीसाब रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. चाकं चढली. उतरली. ऐकू आला तो फक्त आत बसलेल्या गोजरबाईचा आवाज, आणि तो काही टायरमुळं नव्हता. परत आल्यावर अभिमन्यूनं गाडी लांबून बघितली, कडेनं बघितली. पहिल्याइतकी दांडगी नव्हती, पण अंगाला शिवलेल्या सदऱ्यासारखी चाकं भरून दिसत होती. हेच झकास हाय, म्हणाला. गोजरबाईनं गठ्ठ्यातनं पेढ्याचा पुडा काढून बापलेकांच्या हातावर पेढे ठेवले आणि साखरपुड्याचं आवतण दिलं. दोघांनी बायकामाणसं घेऊन यायचं, नाहीतर मी भांडायला येईन, असं बजावून गाडी वैरागच्या वाटेला लागली.

ऊन चढलं होतं. सोहेब पुढच्या गाडीला जॅक लावत होता. नबीसाब थोडा वेळ मागं उभा राहिला, काही सांगायचं सुचतंय का म्हणून. काहीच सुचेना. मग तो सरळ गल्लीतनं घरी गेला, हातपाय धुतले आणि चटईवर बसून जेवायला मागितलं.

खातूनबी हातातली भाकरी तशीच ठेवून बाहेर आली. लग्न झाल्यापासून या माणसाचा दुपारचा डबा दुकानावर जायचा. उघडं दुकान सोडून तो कधी घरी जेवायला आला नव्हता. तिनं पदराला हात पुसले. भांडण झालं असणार, दुसरं काय?

"दुकान में कौन है?" तिनं विचारलं.

नबीसाबनं भाकरी पुढं ओढली.

"मालक है," तो म्हणाला.