एकेचाळीस शब्दांचं कूळ

मेलेल्या भाषेला नातेवाईक शोधत फिरणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच असेल, आणि नव्वदच्या दशकात तो नेमका मरीन परेडला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मी जहाजावरचा इंजिनियर. माझ्या लेखी भाषा म्हणजे इंजिनच्या आवाजात ओरडून समजते ती. हे गृहस्थ मात्र युनिव्हर्सिटीत संशोधक. आफ्रिकेतली त्यांची ती भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं. फार पूर्वी कुणा प्रवाशाने एका म्हातारीला विचारून एकेचाळीस शब्द उतरवून घेतले होते, तेवढीच काय ती त्या भाषेची इस्टेट. एकेक शब्द एकेका कार्डावर लिहून तो गठ्ठा ते कायम शर्टाच्या खिशात बाळगत. एकदा ईस्ट कोस्टला समुद्रकाठी वाऱ्याने कार्डं उडाली, तर आमची दोन्ही कुटुंबं गवतात रांगत होती आणि हे ओरडत होते, "शेळी सापडली, गुडघा कुठाय?" माझ्या मुलीला त्यांनी पाण्याचा शब्द शिकवला होता, 'हाबू'. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही कार्टी वर जाऊन "हाबू!" म्हणाली, की ते स्वतः उठून गार पाणी आणत. वहिनींनी मराठीत मागितलेलं पाणी मात्र त्यांना कधी ऐकू आल्याचं मला आठवत नाही.

त्यांची नेमणूक संपत आली होती. भाषेचं कूळ सिद्ध झालं तर मुदतवाढ, नाहीतर चंबूगबाळं आवरून पुण्याला परत. अशात सात शब्द शेजारच्या एका मोठ्या भाषाकुळाशी जुळले. पत्रिका जुळल्याच्या थाटात त्यांनी आम्हाला पोह्यांना बोलावलं आणि सात कार्डं मांडली. मीठ, मडकं, लोखंड, मणी, सुरी, आणखी दोन. बशांसाठी जागा करता करता वहिनी म्हणाल्या, "अहो, ह्या बऱ्याचशा बाजारातल्याच वस्तू की. वस्तूबरोबर नावही आलं असेल. आपण टेबल म्हणतो, म्हणून काय इंग्रजांचे सोयरे झालो?"

पोह्यांची बशी बाजूला सारून ते कार्डांवर वाकले. मग एकेक करत पाच कार्डं उचलून त्यांनी बाजूला ठेवली. मला राहवेना. "राहू द्या हो," म्हटलं, "तपासायला ती म्हातारी थोडीच येणारे?"

"येणार नाही, म्हणूनच तर," ते म्हणाले.

उरलेल्या दोन शब्दांवर नातं ठरेना, म्हणून शोधनिबंधात त्यांनी लिहिलं, 'कूळ अज्ञात', आणि दोन महिन्यांत वरचा फ्लॅट रिकामा झाला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. इतका चांगला शेजार कुणी पाच कार्डांपायी सोडतं का? त्या भाषेचं कूळ अजूनही ठरलेलं नाही म्हणे. मुलगी आता नोकरीला लागली. उन्हातून घामाघूम होऊन आली की सोफ्यावर पडल्या पडल्या "हाबू!" असं ओरडते. उच्चार बरोबर की चूक, हे सांगणारं जगात कुणी नाही. मी उठतो आणि पाणी आणून देतो.