शिडीचा कोट

शिडीचा सत्कार ठरल्याचं भिंगरीला कळलं ते शिडीच्याच तोंडून. ताडमाड उंच शिडी भिंगरीच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात शिरताना सवयीने दारात वाकला, करड्या रंगाचा कोट त्याने काउंटरवर टाकला आणि म्हणाला, "कॉलेजवाले शनिवारी सत्कार करताहेत रे. बास्केटबॉलची कारकीर्द वगैरे. कोट जरा झकास करून दे. आणि वहिनींना घेऊन यायचं, सबबी नकोत."

"अरे वा, अभिनंदन!" भिंगरी म्हणाला, आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

दुखणं जुनंच होतं. कॉलेजच्या संघात शिडी सगळ्यांत उंच आणि भिंगरी सगळ्यांत बुटका. चेंडू अख्ख्या मैदानातून काढून आणायचा भिंगरीने, तो नेमका शिडीच्या हातात द्यायचा भिंगरीने, आणि शिडीने काय करायचं? तर हात वर करून जाळीत सोडायचा. एवढ्यावर पोरी जीव टाकायच्या, पेपरात फोटो यायचे. तोवर भिंगरी आपली बाजू राखायला परत पळालेला असायचा. पास सुटला रे सुटला की गर्रकन वळायचं आणि धूम ठोकायची. नाव पडलं ते त्यावरूनच.

पुढे शिडी खेळाच्या जोरावर विमा कंपनीत लागला आणि साहेब होऊन निवृत्त झाला. भिंगरीने वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान धरलं. धंदा चांगला चालला, बायको गुणी मिळाली, तक्रारीला तशी जागा नव्हती. पण एक गोष्ट सलायची. कोचचा नियम होता की ज्याने बास्केट केलं त्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, म्हणजे श्रेय दोघांचं. इतर पोरं एकमेकांना दाखवायची. शिडीचं बोट मात्र भिंगरीने जन्मात पाहिलं नव्हतं. दोस्ती टिकली, गप्पा झाल्या, पण तो विषय त्याने कधी काढला नाही. मागून घेतलेल्या मानाला काय अर्थ?

शुक्रवारी त्याने कोट हाती घेतला. कॉलर वाफेवर बसवली, खांद्यांना गोलाई दिली, पाठ आरशासारखी केली. डावी बाही छोट्या फळीवर चढवून गोल काढली. कोटाच्या बाहीवर इस्त्रीची रेघ पडली तर ती शिकाऊ माणसाची करणी, हे त्याने कितीतरी कारागिरांना बोलणी ऐकवून शिकवलं होतं. उजवी बाही मात्र त्याने फळीवर घेतलीच नाही. सरळ टेबलावर आडवी टाकली आणि गरम इस्त्री दाबून धरली. कोपरापासून खांद्यापर्यंत तिरकी, धारदार रेघ उमटली. शिडीला काय कळतंय! पण कळणाऱ्याला कळेल, आणि सगळं कसं अगदी छान छान व्हायला नको. भिंगरीला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

शनिवारी सभागृहाच्या दाराशीच शिडीचा भलामोठा जुना फोटो लावला होता. भिंगरीने नाक मुरडलं. "बघ, बोट काढून स्वतःलाच एक नंबर म्हणतोय."

बायको फोटोजवळ गेली. "एक नंबर कसला? बोट तर समोर दाखवताहेत. आणि ही कडेला पळणारी पाठ... अहो, तुम्हीच ना हे?"

"असेन. चल, जागा जातील."

भाषणं झाली, मानचिन्ह दिलं गेलं. शिडी माइकसमोर उभा राहिला. "माझ्या निम्म्याहून जास्त बास्केटचा मालक समोर बसलाय," तो म्हणाला. "कोचचा नियम मी दर वेळी पाळला हो, पण हा गृहस्थ पास दिला की पळालाच! एकदा वळून बघेल तर शपथ. आज सापडलाय खुर्चीत. वहिनी, धरून ठेवा त्याला."

आणि त्याने उजवा हात लांब करून भिंगरीकडे बोट दाखवलं.

लोक माना वळवून भिंगरीकडे बघत टाळ्या वाजवू लागले. ज्या बोटासाठी तो आयुष्यभर जळला ते समोर होतं, हलत नव्हतं, आणि त्याला दिसत होती फक्त बाही. स्टेजवरच्या दिव्यांत ती रेघ शेवटच्या रांगेतूनही दिसली असती.

बायको टाळ्या वाजवता वाजवता त्याच्या कानाशी आली. "अहो, त्यांच्या बाहीवर ती रेघ कसली? कोट आपल्याकडूनच गेला ना? कुणी केली इस्त्री?"

शिडीचा हात अजून तसाच होता.

"मी," भिंगरी म्हणाला.