डावा हात

डावा हात सरळ माझ्याकडे करून काका विचारायचे, "काय रे, तू सांग." आमटीत मीठ बरोबर पडलंय की नाही यावर काकूंशी वाजलं, की जेवणाच्या टेबलावरून तो हात माझ्याकडे वळायचा. काकू म्हणायच्या, "घरातसुद्धा ह्यांना अपील लागतं."

अमेरिकेत, ट्रॉय गावात आमची घरं शेजारी. गाड्यांच्या कारखान्यात काका इन्स्पेक्टर होते. जन्मभर गेज लावून पार्ट पास-नापास केले. रिटायर झाल्यावर शनिवारच्या हौशी बेसबॉल लीगमध्ये अंपायर झाले आणि जोडीला मला ओढलं. ते कॅचरच्या मागे, मी पहिल्या बेसजवळ.

क्रिकेटवर वाढलेल्यांना थोडं सांगायला हवं. कधी कधी फलंदाज बॅट फिरवायला जातो आणि मध्येच रोखतो. फिरवली असं धरलं तर स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की बाद. पण किती फिरली म्हणजे फिरली, हे नियमांच्या पुस्तकात नाहीच. काकांनी ते पुस्तक पेन्सिलने रंगवलं होतं. "बघ," ते म्हणायचे, "एवढं जाडजूड पुस्तक, आणि इथे टॉलरन्सच, किती कमी-जास्त चालेल तेच दिलेलं नाही. माणसावर सोडलंय, यार." तक्रार नसायची त्यात, अप्रूप असायचं.

त्यांचं लक्ष चेंडूवर, म्हणून बॅटचं बाजूने पाहणाऱ्याला, म्हणजे मला विचारायचं. "हात केला, म्हणजे मी चारचौघांत कबूल केलं की मला दिसलं नाही. त्यात लाज कसली? तुलाही नाही दिसलं, तर सरळ 'नाही' म्हणायचं. संशयाचा फायदा बॅटला."

२००५च्या उन्हाळ्यातली फायनल. शेवटचा फलंदाज, दोन स्ट्राइक, त्याचा संघ एका धावेने मागे. आधीचा चेंडू त्याने रेषेबाहेर, धाव न मिळणाऱ्या बाजूला पार्किंगमध्ये उडवला होता आणि तिथे माझी तीन आठवड्यांची नवी गाडी उभी होती. पुढचा चेंडू आला तेव्हा मी तिची काच शाबूत आहे का ते पाहत होतो. गलका ऐकून मान वळवली, तर काकांचा डावा हात माझ्याकडे. "डिड ही गो?" म्हणजे, फिरवली का त्याने?

'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'फिरवली' म्हणून मूठ वर केली की माणूस बघत होता असं वाटतं. मी मूठ वर केली. फलंदाज बाद, मॅच संपली.

माझं तोंड पार्किंगकडे होतं अशी हरलेल्यांनी तक्रार केली. घरी आल्यावर काकांनी ड्राइव्हवेत मला एकदाच विचारलं.

"तू पाहिलंस ना?"

"हो, काका."

"मग झालं."

कमिटीला त्यांनी तेवढंच लिहून दिलं: माझ्या पार्टनरने पाहिलंय. पुढच्या सीझनला आम्हा दोघांनाही बोलावणं आलं नाही.

माझे शनिवार मोकळे झाले, बरंच वाटलं. काका मात्र शनिवारी सकाळी लॉनला दोन-दोनदा पाणी घालत राहायचे. खिशात स्ट्राइक मोजायचं छोटं यंत्र असायचं, त्याची टिकटिक माझ्या गॅरेजपर्यंत ऐकू यायची. सांगून टाकावं म्हणून किती वेळा त्यांच्या दाराशी गेलो. काकू चहा टाकायच्या, मी पिऊन परत यायचो.

पुढे ते लेकीकडे फ्रीमाँटला राहायला गेले. काका वारल्याचा फोन तिथूनच आला. काकूंशी अर्धा तास बोललो, तेव्हाही हे सांगितलं नाही. आज लिहितोय.

ट्रॉय सोडायच्या दिवशी काकांनी हट्टाने गाडीनेच निघायचं ठरवलं होतं. मागच्या काचेपर्यंत सामान. मी फुटपाथवर उभा. त्यांनी काच खाली केली, डावा हात बाहेर काढून माझ्याकडे केला.

"येतंय का रे कोणी?"

मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा.

"नाही, काका. कोणी नाही."

आरशात नजरही न टाकता त्यांनी गाडी मागे घेतली.