वेस्ट विंडसरमधलं व्हिएन्ना

पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. देशाबाहेर पडलं तर परत येता येईल याची खात्री नव्हती. म्हणून निमिषने व्हिएन्नाची सहल राहत्या गावातच, वेस्ट विंडसरमध्ये, उरकली. एक्सेलमधल्या वेळापत्रकाबरहुकूम बायको मीनाक्षी आणि इथेच जन्मलेली लेक सई चार दिवस त्याच्यामागून हिंडल्या. तळ्याला डॅन्यूब म्हणायचं, लायब्ररीला राजवाडा. दशम्या तेवढ्या खऱ्या होत्या.

शेवटच्या संध्याकाळी सई पुढे पळाली आणि घराच्या दारात हात पसरून उभी राहिली.

“पासपोर्ट.”

मीनाक्षी हसत तिच्या हाताखालून आत गेली. निमिषने मात्र खिशातून खरा पासपोर्ट काढून दिला.

सईने पानं उलटली. “हाऊ लाँग विल यू स्टे, बाबा?”

या घरात निमिषने बारा वर्षं काढली होती.

“अरे, काहीतरी सांग तिला,” मीनाक्षी आतून म्हणाली. “वरण गार होतंय.”

तो पायपुसण्यावर उभाच होता.