मुका बर्फ आणि निर्माल्याची पिशवी

आमचा मुलगा केदार अमेरिकेत राहतो त्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मृणालिनीताई म्हणून एक बाई आहेत. मूळच्या नागपूरच्या. प्रयोगशाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, अंगानं काडी, पण आवाज पाटलिणीचा. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी त्या गोठलेल्या तळ्याच्या काठावर जातात. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर कॅमेऱ्याची लांब तिपाई, आणि सोबत माझ्यासारखा कुणी नवा आलेला आजोबा. मी गेलो त्या साली या नेमाला छत्तीस वर्षं झाली होती!

२००५ सालच्या फेब्रुवारीतला एक रविवार. आदल्या दिवशी माघातली गणेशजयंती झालेली. सूनबाई रेणूनं निर्माल्य पिशवीत भरून ठेवलं होतं, कचऱ्यात टाकायचं तिच्या जिवावर येत होतं. मी मनात म्हटलं, तळ्यावर चाललोच आहोत, सोडून येऊ पाण्यात. कुणाला बोललो नाही. पिशवी कोटात घातली.

तळं कसलं, पांढरं माळरान! आणि मध्येच ते पोटातून हंबरलं, अडलेल्या म्हशीसारखं. मी ताईंची बाहीच धरली.

"घाबरू नका आबा. थंडीनं बर्फ ताणला जातो. ओरडणारा बर्फ बरा, मुका वाईट."

तेवढ्यात पलीकडच्या झाडावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला. ताईंनी दुर्बीण लावली आणि त्या जगाला विसरल्या. मला दिसली दूर मोठाली रानबदकं, आणि त्यांच्याभोवती चक्क काळंभोर पाणी. माझं काम झालं! निघालो बर्फावरून.

विहिरीत पडलेल्या रेड्यामागं उडी घेतलेला माणूस मी. पण शंभरेक पावलांवर पायाखालचा पांढरा रंग राखाडी झाला. हंबरणं थांबलं. मुका! बुटात गार पाणी शिरलं आणि माझी बोबडी वळली. गणपतीचं नाव घ्यायला गेलो तर तेही आठवेना.

"आबा! हलू नका! आडवे व्हा, पोटावर!"

"ताई, कोट नवा आहे हो, केदारचा!"

"कोट वाळतो! आडवे व्हा म्हणते ना!"

झालो आडवा. छातीखाली पापड मोडल्यासारखी करकर. सरडा होऊन मागं सरकू लागलो. मान वळवून पाहतो तर ताई स्वतः बर्फावर पालथ्या, तिपाई लांब केलेली. तिपाईचा पाय धरला आणि बाईंनी मला इंचाइंचानं ओढलं.

काठावर बसलो तेव्हा माझे दात वाजत होते. ताई थर्मासमधला चहा ओतत होत्या, निम्मा बाहेर सांडत होता.

"ताई, तुम्हीसुद्धा भ्यालात?"

"मला पोहता येत नाही, आबा."

"मग छत्तीस वर्षं इथं...?"

"काठावरून बघते. बर्फावर पाऊल आज पहिल्यांदा टाकलं."

मी कोटातून पिशवी काढली, झेंडूचा पार लगदा झालेला. ताईंनी ती पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"एवढ्यासाठी? अहो, मी दर वर्षी बर्फ वितळून माती मोकळी झाली की निर्माल्य गुलाबाच्या बुडाशी पुरते! विचारायचं तरी!"

पुढच्या रविवारी केदार मला घराबाहेर सोडेना. ताई आल्या, माझ्या गळ्यात लाल दोरीची शिट्टी बांधली आणि त्याला म्हणाल्या, "वासराच्या गळ्यात घंटा. आता न्यायला हरकत नाही ना?"

त्या दिवशी गरुड पुन्हा आला. ताईंनी दुर्बीण लावली खरी, पण एका हातात माझी बाही घट्ट धरून.